रातांब्याच्या सालीचे कार्बन डॉट आणि जिवंत पेशी: चमकतंय नेमकं कोण?

प्रश्न: आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सालीचा अर्क आणि थोडं इथिलीनडायअमीन टेफ्लॉनच्या ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद, दाबाच्या भांड्यात) १८० अंशांवर रात्रभर ठेवून कार्बन डॉट बनवले. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली द्रावण झकास निळं चमकतं. एका मोठ्या लॅबने ते हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी) टाकून फोटो काढून दिले. निळ्या, हिरव्या, लाल अशा तिन्ही चॅनेलमध्ये पेशी चमकतात. पेपर पाठवला तर परीक्षकाचा शेरा आला, की चमकणारी वस्तू कार्बन डॉटच आहे हे सिद्ध होत नाही आणि कंट्रोलही (तुलनेसाठीच्या चाचण्या) अपुरे आहेत. आता काय करायचं? पेपर आणि त्यातले आलेख सोबत जोडले आहेत. कॉलेजात पेशी वाढवायची सोय नाही, फ्लुरोसन्स जोडणीचा सूक्ष्मदर्शक मात्र आहे. इथल्या इथे काही जमेल का? की इतकी कटकट असेल तर नॅनोडायमंड, म्हणजे हिऱ्याचे नॅनोकण, वापरावेत?

उत्तर:

परीक्षकाचा शेरा बरोबर आहे. तो वाचून तुम्ही पेशींचे आणखी फोटो मिळवायच्या मागे लागलेल्या दिसता. पण अडचण पेशींच्या बरीच आधी, डायलिसिसच्या, म्हणजे लहान रेणू बाहेरच्या पाण्यात झिरपू देऊन मोठे कण आत ठेवणाऱ्या, पिशवीपाशी आहे. म्हणून तिथून सुरुवात करतो. कॉलेजात काय जमेल ते पुढे येईलच, आणि बरंच काही जमेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. २००४ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करण्याचं काम चालू होतं. विजेच्या आर्कमधून मिळालेली काजळी नायट्रिक आम्लाने धुऊन ते जेलवर चालवत होते आणि त्या जेलमध्ये अनपेक्षितपणे चमकणारे पट्टे दिसले. २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या गटाने लेझरने ग्रॅफाइट उडवून असेच कण मिळवले, त्यांच्या पृष्ठभागावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या चढवल्या आणि चमक एकदम वाढली. 'कार्बन डॉट' हे नाव तिथून रुळलं. दहा नॅनोमीटरहून लहान, पाण्यात सहज मिसळणारे आणि कॅडमियम नसलेले कण म्हणून पेशींची छायाचित्रं घेणाऱ्यांनी ते उचलून धरले. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या क्वांटम डॉटना मिळालं, त्यातले कॅडमियम सेलेनाइडसारखे कण कितीतरी जास्त झळझळीत आणि आटोपशीर रंगाचे असतात, पण जिवंत पेशीत कॅडमियम सुटायची धास्ती असते. कार्बनला ती नाही. इतकं आकर्षण पुरेसं होतं. पुढे कोणीतरी सायट्रिक आम्ल आणि अमीन एकत्र शिजवून तसेच कण मिळवले आणि मग घराघरातल्या फळांच्या साली ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ लागल्या.

गोची इथेच झाली. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमीन एकत्र तापवलं की कार्बनचे कण होतातच, पण त्यांच्याबरोबर एक साधा, लहानसा सेंद्रिय रेणूही तयार होतो. पिरिडोनच्या कुळातला, रेणुभार अवघा १८०, आणि निळा चमकण्यात एकदम पटाईत. २०१५ च्या सुमारास हा रेणू वेगळा करून ओळखला गेला आणि त्यानंतर लक्षात येत गेलं, की 'ऐंशी टक्के क्वांटम यील्डचे कार्बन डॉट' (क्वांटम यील्ड म्हणजे शोषलेल्या प्रकाशापैकी चमकून परत येणारा वाटा) म्हणून ज्यांचा गाजावाजा झाला, त्यातली बरीचशी चमक या रेणूची होती. युरिया वापरला तर सिट्राझिनिक आम्लाच्या कुळातले रेणू होतात, तेही निळेच चमकतात. भजनी मंडळात वीस जण गात असतात, पण माइक एकाच्याच हातात असला की रस्त्यावर फक्त त्याचाच आवाज ऐकू येतो. तुमच्या बाटलीत तसं होत असण्याची दाट शक्यता आहे, कारण रातांब्याच्या सालीतलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक, म्हणजे सायट्रिकचंच भावंड. वर तुम्ही स्वतःच्या हाताने इथिलीनडायअमीन घातलं आहे.

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. तुम्ही डायलिसिस केलं, २४ तास ठेवलं आणि बाहेरचं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं, असं तुमच्या पद्धतीच्या वर्णनावरून दिसतं. ते पाणी ओतायचं नव्हतं! पुढच्या वेळी प्रत्येक बदलाचं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा, तारीख-वेळ लिहा आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारा. पहिल्या दोन-तीन बदलांचं बाहेरचं पाणी आतल्या द्रावणासारखंच निळं पेटलेलं दिसलं तर समजा, की माइकवाला बाहेर निघाला. एक किलोडाल्टनची (म्हणजे साधारण १००० रेणुभारापर्यंतचं बाहेर सोडणारी) पिशवी असो की साडेतीनची, १८० भाराचा रेणू त्यातून आरामात जातो. पण तो एका दिवसात पूर्ण जात नाही, कारण असे रेणू कणांच्या अंगाला चिकटून बसतात आणि सावकाश सुटतात. म्हणून 'किती तास ठेवू' हा प्रश्नच बाजूला ठेवा. बाहेरचं पाणी टॉर्चखाली आणि स्पेक्ट्रोफ्लोरोमीटरवर कोऱ्या पाण्यासारखं दिसेपर्यंत बदलत राहायचं, मग चार दिवस लागोत की आठवडा.

दुसरी चाचणी त्याहून स्वस्त. सिलिकाची टीएलसी प्लेट (पातळ थरावर मिश्रणातले घटक वेगळे करणारी) घ्या, ठिपका द्या, मिथेनॉल असलेल्या विद्रावकात चालवा आणि टॉर्चखाली धरा. लहान रेणू वर सरकतात, ध्रुवीय कण बहुतेक करून सुरुवातीच्या रेषेवरच ठाण मांडून बसतात. एकाच ठिपक्यातून तीन-चार रंगांचे पट्टे वेगळे होताना पाहिले, की 'आमचे कार्बन डॉट' हा शब्द वापरताना जीभ जरा अडखळते. शेजारच्या जीवशास्त्र विभागात डीएनएसाठी अ‍ॅगरोज जेलचं साधन असेल तर तेही वापरा. डॉट कुठल्या ध्रुवाकडे सरकतात यावरून पृष्ठभागावरचा विद्युतभारही कळतो. पुढे पेशींच्या वेळी तो उपयोगी पडतो.

तुम्ही सेंट्रीफ्यूज आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरला 'शुद्धीकरण' म्हटलं आहे. सेंट्रीफ्यूजने जळका गाळ बसतो, फिल्टरने जंतू आणि मोठे गठ्ठे अडतात. ०.२२ मायक्रॉन म्हणजे २२० नॅनोमीटर. त्या भोकातून तुमचे कण, ते लहान रेणू, न जळलेली साखर, सगळं एकत्र आत जातं. हे दोन्ही कराच, पण पेपरात त्याला शुद्धीकरण म्हणू नका.

शुद्ध केल्यावर क्वांटम यील्ड पुन्हा मोजा. किनीन सल्फेट ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लात, त्याचा ०.५४ आकडा धरून, आणि दोन्ही द्रावणांचं शोषण ०.१ च्या खाली ठेवून. पूर्वी ४० टक्के आलेला आकडा आता पाच-सातवर घसरला तर हिरमुसून जाऊ नका. फळांच्या सालीपासून बनलेल्या खऱ्या कणांचा आकडा बहुधा असाच लहान असतो. परीक्षकाला हा पडलेला आकडा दाखवला तर तो तुमच्या बाजूने बोलेल.

स्पेक्ट्रमबद्दल एक गोष्ट, जी सांगितल्यावाचून राहवत नाही. 'एक्सायटेशन (टाकलेला प्रकाश) बदललं की एमिशन (बाहेर पडणारा प्रकाश) सरकतं' हा कार्बन डॉटचा ओळखीचा गुण मानला जातो आणि प्रत्येक पेपरात तो रंगीत रेषांचा आलेख असतो. पण फार पातळ द्रावणात पाण्याचं रामन विकिरणही (रेणूंवरून विखुरताना तरंगलांबी बदललेला प्रकाश) नेमकं असंच सरकतं. हिशेब करून बघा: पाण्याचा रामन बदल साधारण ३४०० प्रति सेंटिमीटर. ३५० नॅनोमीटरने उत्तेजित केलं तर ते शिखर ३९७ च्या आसपास दिसतं, ४०० ने केलं तर ४६३ च्या आसपास. नुसत्या शुद्ध पाण्याचा आलेख त्याच सेटिंगवर काढून खाली जोडला नसेल, तर त्या सुंदर सरकत्या रेषांमधल्या काही पाण्याच्या असू शकतात. शिवाय लाल-तपकिरी द्रावण जास्त घट्ट असलं तर ते स्वतःचाच प्रकाश गिळतं आणि शिखर खोटंच लालकडे ढकललं जातं. कोकमाच्या बाबतीत हे विशेष, कारण सालीतला अँथोसायनिनचा रंग १८० अंशांवर टिकत नाही, पण त्याचं तपकिरी काहीतरी होऊन मागे उरतं.

तुमच्याच लॅबमध्ये कोणी पानांपासून 'लाल कार्बन डॉट' बनवत असेल, काजूची पानं, कांदळवनाची पानं, अल्कोहोलमध्ये अर्क काढून, तर त्यांना ६७० नॅनोमीटरच्या आसपासचं ते टोकदार शिखर हरितद्रव्याचं नाही ना, हे आधी पाहायला सांगा. बहुतेक वेळा ते हरितद्रव्याचंच किंवा त्याच्या मॅग्नेशियम गेलेल्या अवताराचं असतं.

आता घरातली चमक. काचसामान कपड्यांच्या पावडरीने घासत असाल तर ते ताबडतोब बंद करा. पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे ब्राइटनर घातलेले असतात, ते ३६५ नॅनोमीटरखाली निळे पेटतात. तुमचा पांढरा एप्रन त्या टॉर्चखाली एकदा बघा. टिश्यू पेपरही तसाच. म्हणून एक कोरी फेरी हवी: त्याच टेफ्लॉनच्या भांड्यात नुसतं पाणी घालून तितक्याच वेळ, तितक्याच तापमानाला ठेवायचं आणि जे मिळेल त्याचा आलेख काढायचा. टेफ्लॉनमध्ये आदल्या फेरीचं चिकटून राहतं हेही तेव्हा कळतं. अर्क आमसुलांपासून काढला असेल तर मिठाचा विचार करा, कारण आमसुलं सुकवताना मीठ लागतं आणि ते सगळं तुमच्या भांड्यात येतं. मे महिन्यात ताजी रातांबी मिळतात तेव्हाच साली सावलीत सुकवून, मीठ न लावता, वर्षभराची एकच खेप बांधून ठेवलेली बरी. गावागणिक, झाडागणिक फळ बदलतं आणि दोन खेपा जुळत नाहीत, ही 'हरित' पद्धतीची खरी डोकेदुखी आहे. त्याबद्दल माझं मत तसंही फार चांगलं नाही. कोकम वापरल्याने पेपराचं शीर्षक गोड होतं, पण इमेजिंगसाठी त्याचा फायदा काय हे तुम्हाला दाखवावं लागेल. म्हणून तुलनेला शुद्ध सायट्रिक आम्लाची एक फेरी ठेवाच. आणि जमल्यास इथिलीनडायअमीन न घालता नुसत्या सालीची एक.

कोकणातल्या पावसाळ्याचंही एक आहे. अशी भुकटी हवेतलं पाणी ओढते. जूनमध्ये उघडी ठेवलेली कुपी जुलैत काकवीसारखी होते आणि मग 'एक मिलीग्रॅम' म्हणून तुम्ही किती पाणी तोलता देव जाणे. सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे तोललेलं घट्ट द्रावण करून लहान-लहान कुप्यांत गोठवून ठेवा.

पेशींकडे जाण्याआधी शेवटचा टप्पा: पेशीच्या आत गेल्यावर कणांचं काय होणार, ते बाहेरच पाहून घ्या. बहुतेक कण पेशी गिळते आणि ते लायसोसोम नावाच्या पचनाच्या पिशव्यांत पोचतात, जिथे पीएच ४.५ ते ५ असतो. म्हणून पीएच ४.५, ५.५ आणि ७.४ अशा तिन्ही ठिकाणी चमक मोजा. मिठाच्या द्रावणात, संवर्धन माध्यमात आणि सीरम घातलेल्या माध्यमात दिवसभर ठेवून गठ्ठे होतात का पाहा. सीरममधली प्रथिनं कणांवर लगेच लेप चढवतात. त्यानंतर पेशीला दिसतो तो तो लेप, तुमचा कोरा कण तिला दिसतच नाही. आणि टॉर्चखाली किंवा सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली सलग अर्धा तास ठेवून चमक किती उतरते ते पाहा. लहान रेणू सहसा लवकर विटतात, कण जास्त तग धरतात. बाहेरचं डायलिसिसचं पाणी आणि आतलं द्रावण शेजारी ठेवून हा उतार काढला, तर परीक्षकाच्या पहिल्या शेऱ्याचं अर्धं उत्तर तिथेच हातात येतं.

आता तुमचे हेला पेशींचे फोटो. तिन्ही चॅनेलमध्ये पेशी चमकतात, याला तुम्ही 'बहुरंगी इमेजिंग' म्हटलं आहे. तो शब्द काढून टाका. बहुरंगी म्हणजे वेगवेगळ्या रंगांनी वेगवेगळ्या गोष्टी दाखवणं. एकच कण सगळ्या चॅनेलमध्ये सांडत असेल तर ती अडचण आहे, कारण लायसोसोमसाठी वेगळा लाल रंग घालून 'दोन्ही एकाच जागी आहेत' असं म्हणायला गेलात, तर कणांचाच लाल प्रकाश त्या चॅनेलमध्ये येऊन जुळणी फुकटात दाखवतो. पिअर्सनचा गुणांक (दोन चॅनेल किती जुळतात त्याचा आकडा) कितीही छान आला तरी त्याला अर्थ राहत नाही. फक्त कण असलेल्या आणि फक्त लाल रंग असलेल्या पेशी दोन्ही चॅनेलमध्ये दाखवल्या, तरच तो आकडा ग्राह्य.

लाल फोटोबद्दल मला वेगळीच शंका आहे. तुमच्या द्रावणाचं ५६१ नॅनोमीटरला शोषण जवळपास शून्य आहे. मग त्या लेझरने पेशी लाल कशा चमकल्या? बहुधा डिटेक्टरचा गेन (संवेदनशीलता) वाढवत नेला असेल. गेन पुरेसा वाढवला तर कुठलीही पेशी चमकते. पेशीत स्वतःची चमक असतेच. एनएडीएच ३४०-३५० च्या आसपास उत्तेजित होऊन ४६० च्या आसपास निळं चमकतं. फ्लेव्हिन ४५० ला उत्तेजित होऊन ५२५ च्या आसपास हिरवं. म्हणजे तुमच्या कणांच्या रंगाचीच आणि तुमच्याच फिल्टरमध्ये. माध्यमातलं रायबोफ्लेव्हिन आणि फिनॉल रेड यात भर घालतात, म्हणून फोटोच्या वेळी त्यांच्याविना असलेलं माध्यम वापरायचं. कण न दिलेल्या पेशींचा फोटो त्याच दिवशी, त्याच लेझर तीव्रतेला, त्याच गेनला आणि त्याच उजळपणाच्या पट्टीवर छापलेला नसेल, तर कण दिलेल्या पेशींचा फोटो काहीच सांगत नाही. ज्या लॅबने फोटो काढून दिले त्यांच्याकडून मूळ फाइल मागून घ्या. त्यात सगळी सेटिंग नोंदलेली असतात.

याच्यावर मी एक कंट्रोल नेहमी मागतो आणि तो फार कमी लोक करतात: डायलिसिसचं ते बाहेरचं पाणी आटवून, तितक्याच चमकेला आणून, पेशींना पाजायचं. त्यानेही पेशी तशाच चमकल्या तर तुमच्या मूळ फोटोंमध्ये काय दिसत होतं ते उघड आहे. नाही चमकल्या, किंवा कणांनी ठिपके-ठिपके दिसले आणि पाण्याने सगळी पेशी सपाट निळी झाली, तर तुमचा मुद्दा सिद्ध होतो. हा एकच प्रयोग परीक्षकाच्या दोन्ही शेऱ्यांना पुरतो.

फोटोत काय पाहायचं तेही सांगतो. जिवंत, ठणठणीत पेशीने गिळलेले कण केंद्रकाभोवती बारीक ठिपक्यांत गोळा झालेले दिसतात आणि केंद्रकाची जागा काळी राहते. एक ठिपका म्हणजे एक कण नव्हे. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर २०० नॅनोमीटरच्या आसपास थांबते, म्हणून त्या ठिपक्यात कणांनी गच्च भरलेली पिशवी आहे असं समजायचं. ठिपके हलत असतील तर व्हिडिओ घ्या, त्याहून बोलका पुरावा नाही. उलट सगळी पेशी केंद्रकासकट भगभगीत उजळलेली दिसली, तर ती मेलेली आहे का हे आधी तपासा. मेलेल्या पेशीचं आवरण गळकं असतं, त्यातून सगळं आत शिरतं. धन भाराचे काही कण केंद्रिकेतल्या आरएनएला खरोखर चिकटतात. पण 'आमचे डॉट केंद्रकात पोचले' असं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी फोटोच्या आधी पेशी फॉर्मल्डिहाइडने स्थिर केलेल्या असतात. तशा पेशीला जिवंत म्हणता येत नाही. ग्लुटरल्डिहाइड वापरलं तर ते स्वतःच चमक निर्माण करतं, ते वेगळंच.

पेशी कण स्वतःहून गिळतात का, हे पाहायला ३७ अंशांवर आणि ४ अंशांवर असे दोन संच ठेवतात. थंडीत गिळण्याची क्रिया थांबते. थंड संचात ठिपके नाहीत आणि उबदार संचात आहेत, तर कण गिळले गेले. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर काहीतरी आपोआप झिरपतंय, आणि अशा वेळी संशय पुन्हा त्या लहान रेणूवर जातो.

एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजायच्या चाचणीबद्दल थोडक्यात. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळ्या फॉर्मझॅनमध्ये रूपांतर करतात आणि आपण ५७० ला रंग मोजतो. पण काही कार्बन कण पेशी नसतानाही हे रूपांतर करतात, आणि तपकिरी कणांचा स्वतःचा रंगही त्या मापात मिसळतो. तुमच्या आलेखात २०० मायक्रोग्रॅमला ११० टक्के पेशी जिवंत दाखवल्या आहेत. शंभरावरचा आकडा दिसला की माझी भुवई वर जाते. पेशी नसलेल्या खाचांमध्ये फक्त कण आणि एमटीटी घालून कोरं माप घ्या, आणि जोडीला ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) साधी मोजणी करा. अंधारातली आणि प्रकाशातली विषाक्तता वेगळी मोजायला विसरू नका, कारण प्रकाश पडल्यावर काही कार्बन डॉट ऑक्सिजनचे घातक अवतार तयार करतात. ४०५ नॅनोमीटरचा लेझर पेशीला तसाही मानवत नाही.

आता कॉलेजातल्या सोयीबद्दल. हेलासाठी ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, निर्जंतुक हूड हे सगळं लागतं. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात, पण त्या वाढवत ठेवणं कोकणातल्या पावसाळ्यात, बुरशीच्या आणि विजेच्या लपंडावात, सोपं नाही. त्या फंदात आत्ता पडू नका. तुमच्याकडे फ्लुरोसन्स जोडणीचा सूक्ष्मदर्शक आहे असं तुम्ही लिहिलंय. तेवढं पुरेसं आहे.

पहिला सराव बेकरीच्या यीस्टवर करा. अर्धा भाग जिवंत, अर्धा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून मारलेला. दोघांना सारखेच कण द्या, धुवा, बघा, आणि मिथिलीन ब्लूने कोण मेलंय ते पडताळा. बहुतेक वेळा मेलेलं यीस्ट जोरात चमकतं आणि जिवंत जवळपास काळं राहतं. हा निकाल 'इमेजिंग' म्हणून छापायला निरुपयोगी, पण फोटोतली मेलेली पेशी ओळखायला तुमचा डोळा तयार होतो. कांद्याचा पापुद्रा मात्र टाळा. त्याच्या पेशीभित्तिका अतिनील प्रकाशात स्वतःच निळ्या चमकतात.

आणि मग कालवं. तुमच्या दारात ओहोटीला खडकांवर ती चिकटलेली असतात, आणि त्यांच्या रक्तपेशी, म्हणजे हीमोसाइट, परकी वस्तू दिसली की गिळणं हेच काम करतात. त्यांना ना कार्बन डायऑक्साइड लागतो, ना ३७ अंश. कालवाच्या शिंपेला स्नायूजवळ कानशीने लहानशी खाच पाडायची, बारीक सुईची एक मिलीलिटरची सिरिंज हळूच स्नायूत सरकवायची आणि फिकट, जवळपास पाण्यासारखा द्रव ओढायचा. जोरात ओढला तर पेशी गोळा होऊन गुठळी होते. सिरिंज बर्फावर ठेवायची. एक थेंब कव्हरस्लिपवर, ती ओल्या टिश्यूच्या बंद डबीत, वीस-तीस मिनिटं. तेवढ्यात पेशी काचेला चिकटून पसरतात. सुरुवातीला गोल, मग कडांनी पातळ पदर काढत चपट्या होतात. कणदार पेशींच्या आत चकाकते दाणे भिरभिरताना दिसतात, त्याच गिळणाऱ्या. आता अलगद धुवून कण द्या, २५ ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरपासून सुरुवात करा, तासभर थांबा, पुन्हा धुवा आणि बघा.

धुण्यासाठी आणि कण विरघळवण्यासाठी पाणी कालव उचललं त्याच जागचं, ०.२२ मायक्रॉनमधून गाळलेलं. कालव आपल्या रक्ताचा खारटपणा बाहेरच्या पाण्याबरोबर बदलत नेतं. उघड्या समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास खारं, तर पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते कितीतरी गोडं होतं. खाडीतलं कालव आणि बंदरावरचं पाणी अशी गल्लत झाली की पेशी आक्रसतात किंवा फुगतात, आणि तुम्ही दोष कणांना देता. म्हणून हे काम नोव्हेंबर ते मे यातच करा. दुसरी अडचण म्हणजे समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोक्सिल गट असलेल्या कणांना एकमेकांना बांधून गठ्ठे करतं. पेशींना देण्याआधी नुसत्या गाळलेल्या समुद्रपाण्यात कण तासभर ठेवून, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चमकणारे गठ्ठे दिसले तर पृष्ठभागावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल चढवल्याखेरीज पुढे जाऊ नका.

या पेशींचे दाणेही थोडे स्वतः चमकतात, त्यामुळे कण न दिलेली स्लिप, डायलिसिसच्या पाण्याची स्लिप आणि बर्फावर ठेवलेली स्लिप या तिन्ही इथेही हव्यातच. एकाच कालवावर विसंबू नका, दर वेळी वेगवेगळी घ्या. एखादं आधीच आजारी असतं आणि त्याच्या पेशी काहीच गिळत नाहीत.

तुम्ही शेवटी विचारलंय, की इतकी कटकट असेल तर नॅनोडायमंड का वापरू नयेत. वापरा, प्रश्न वेगळा असेल तर. हिऱ्याच्या जाळीत एका नायट्रोजनशेजारी एक जागा रिकामी असली की ते केंद्र हिरव्या प्रकाशाने उत्तेजित होऊन ६३७ नॅनोमीटरपासून पुढे लाल चमकतं आणि विटत नाही. शिवाय पेशीच्या स्वतःच्या चमकेपासून ते दूर असतं. २.८७ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींनी त्या केंद्राचं तापमानही वाचता येतं, आणि २०१३ मध्ये जिवंत पेशीच्या आतलं तापमान असंच मोजलं गेलं. एका कणाचा तासन्‌तास माग काढायचा असेल तर तेच योग्य. पण ते रातांब्यापासून होत नाहीत, विकत घ्यावे लागतात, आणि चांगल्या चमकेचे कण बहुधा कार्बन डॉटच्या कितीतरी पट मोठे असतात.

परीक्षकाला उत्तर पाठवताना पेपर मागे घेऊ नका, मुदत वाढवून मागा. पहिल्या आकृतीत टीएलसीची प्लेट टॉर्चखाली, शेजारी डायलिसिसच्या पाण्याच्या बाटल्या क्रमाने. दुसरीत शुद्धीकरणाआधीचं आणि नंतरचं क्वांटम यील्ड, पाण्याच्या आलेखासकट. तिसरीत कालवाच्या पेशी, चारही स्लिप एकाच पट्टीवर. हेलाचे जुने फोटो नवे कंट्रोल घेऊन पुन्हा काढता आले तर ठेवा, नाहीतर गाळा. लाल चॅनेलचा फोटो कुठल्याही परिस्थितीत गाळाच.